दडलेल्या फायली आणि तपासनिसाची दृष्टि

आठवड्यांतून एकदां घरांतील संगणकाची तपासणी करावी, अँटिव्हायरसनें 'कोणताही धोका आढळला नाहीं' असें हिरव्या अक्षरांत सांगावें, आणि मंडळींनीं निश्चिंत मनानें बँकेचे व्यवहार करावयास बसावें, हा क्रम आतां पुष्कळ सुशिक्षित घरांत रूढ झाला आहे. मध्यंतरीं आमच्या परिचयाच्या एका चौकस गृहिणीनें या निश्चिंतपणावर नेमकें बोट ठेवलें. त्या म्हणाल्या, "गुरुजी, ऑपरेटिंग सिस्टिमच्या कित्येक फायली संगणक आपल्याला दाखवीतच नाहीं. मग त्या अँटिव्हायरसला तरी दिसतात का? आणि एखादा विषाणु नेमका तेथेंच जाऊन बसला तर?" प्रश्न साधा आहे, पण त्याचें 'होय' किंवा 'नाहीं' असें एका शब्दाचें उत्तर देणारा मनुष्य एक तर अज्ञ असला पाहिजे, नाहीं तर कांहीं विकावयास आलेला असला पाहिजे. या प्रश्नाच्या पोटीं दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत व त्या दोहोंसही आपण 'लपविलेली फाइल' असें एकच नांव देतों, हाच घोटाळा आहे.

पहिला प्रकार अगदीं निरुपद्रवी आहे. संगणकाच्या तबकडीवर प्रत्येक फाइलीची एक नोंद असते. तींत फाइलीचें नांव, आकार व तारीख यांबरोबर कांहीं खुणाही नोंदलेल्या असतात. 'ही फक्त वाचावी, बदलूं नये' ही एक खूण. 'ही दाखवूं नये' ही दुसरी. 'ही ऑपरेटिंग सिस्टिमची आहे' ही तिसरी. डॉसच्या काळापासून ही रीत चालत आली आहे. लोणच्याची बरणी मुलांच्या हातीं लागूं नये म्हणून आपण ती फडताळाच्या वरच्या फळीवर मागें सारून ठेवतों, तिला कुलूप घालीत नाहीं. तसाच हा प्रकार. विंडोजची जी खिडकी आपणांस फायलींची यादी दाखविते, ती ही खूण पाहते आणि सौजन्यानें त्या फाइलीचें नांव यादींतून गाळते. फाइल जेथल्या तेथें असते. त्याच खिडकीच्या पर्यायांत जाऊन 'लपविलेल्या फायली दाखवा' असें सांगितलें, आणि 'संरक्षित फायली लपवाव्या' या ओळीसमोरची खूण काढली, म्हणजे त्या सर्व समोर येतात.

अँटिव्हायरस हा त्या खिडकींतून डोकावणारा पाहुणा नव्हे. तो ऑपरेटिंग सिस्टिमच्या स्वतःच्या अधिकारानें, म्हणजे घरमालकाच्या नांवें उघडलेल्या खात्याहूनही वरच्या अधिकारानें चालतो. 'दाखवूं नये' ही खूण त्याच्या दृष्टीनें केवळ एक नोंद आहे. ती पाहून तो वाट सोडीत नाहीं. ज्या फोल्डरांत आपणांस 'प्रवेश नाहीं' असें सांगून परत पाठविलें जातें, तेथेंही त्यास बहुधा मज्जाव नसतो.

ज्यांस आमच्या शब्दावर विसंबावयाचें नसेल त्यांच्यासाठीं एक निरुपद्रवी प्रयोग आहे. अँटिव्हायरस जागा आहे कीं नाहीं हें पाहण्यासाठीं या धंद्यांतील लोकांनीं ६८ अक्षरांची एक ओळ संमत करून ठेविली आहे. तिला 'आयकार' चाचणी म्हणतात. ती ओळ कोणाचेंही वाईट करीत नाहीं, परंतु ती दिसतांच प्रत्येक अँटिव्हायरसनें 'चोर, चोर' म्हणून ओरडावें असा संकेत आहे. आमच्या चुलत नातवाच्या साह्यानें आम्हीं ती एका फाइलींत लिहिली, तिच्यावर 'दाखवूं नये' व 'सिस्टिमची' या दोन्ही खुणा केल्या, आणि ती खिडकींतून नाहींशी झाल्याची खात्री करून घेऊन मग तपासणी लावली. क्षणार्धांत ती पकडली गेली. (ही ओळ लिहून ठेवतांच अँटिव्हायरसचा नित्याचा पहारा तिच्यावर झडप घालतो, म्हणून तेवढा वेळ तो पहारा बंद ठेवावा लागला. घरांत जाणतें कोणी नसेल तर हा उद्योग करूं नये.)

तेव्हां केवळ खुणेनें लपविलेली फाइल तपासनिसापासून लपत नाहीं. परंतु या खुणेमुळें माणसांची फसगत कशी होते याचें एक उदाहरण आमच्या डोळ्यांसमोर घडलें आहे, तें येथें सांगितल्याविना राहवत नाहीं.

आमचे एक स्नेही गेलीं अकरा वर्षें आपल्या घराण्याचा कुलवृत्तांत जुळवीत आहेत. कोंकणांतील मूळ गांवच्या देवस्थानाच्या वह्या, नाशिक व त्र्यंबकेश्वर येथील तीर्थोपाध्यायांच्या बाडांतील नोंदी, परगांवच्या शाखांची पत्रें, जुन्या छायाचित्रांच्या प्रती, असा सर्व संग्रह त्यांनीं एका पेन ड्राइव्हवर ठेविला होता. दुसरी प्रत करून ठेवा म्हणून आम्हीं त्यांस अनेकदां सुचविलें होतें. 'करूं, करूं' या शब्दांपलीकडे त्यांची मजल गेली नव्हती. एके दिवशीं कांहीं पानें छापून घेण्यासाठीं ते तो ड्राइव्ह घेऊन एका झेरॉक्सच्या दुकानांत गेले. दिवसभर दहा जणांचे ड्राइव्ह ज्या संगणकाला लागतात तो संगणक म्हणजे सार्वजनिक पाणपोईवरचें एकच भांडें होय. घरीं येऊन पाहतात तों अकरा वर्षांच्या फोल्डरांच्या जागीं त्याच नांवांचीं, कोपऱ्यांत बाण असलेलीं चित्रें! घरच्या अँटिव्हायरसनें तत्काळ तीं चित्रें व त्यांमागचा किडा पकडून काढून टाकला, आणि ड्राइव्ह कोरा करकरीत दिसूं लागला. आमच्या स्नेह्यांची दृढ समजूत झाली कीं, अँटिव्हायरसनेंच कुलवृत्तांत गिळला. ते पुन्हां दुकानांत गेले, तेव्हां तेथील मुलगा सहजपणें म्हणाला, "काका, फॉरमॅट मारून देतो, ड्राइव्ह नवा होईल." ड्राइव्ह नवा झाला असता हें खरें, परंतु सात पिढ्या पुसल्या गेल्या असत्या.

सुदैवानें त्यांनीं होकार देण्यापूर्वीं घरीं फोन केला. त्यांची धाकटी सून एका महाविद्यालयांत लेखापालाचें काम करते. तिनें फोनवरूनच विचारलें, "मामंजी, ड्राइव्ह रिकामा आहे म्हणतां, मग त्याची जागा किती शिल्लक दाखवतो तें बघा बरें." पाहतात तों जवळजवळ अर्धी जागा व्यापलेली! हिशेबाची सवय अशी कामीं येते. कोठींत धान्य दिसत नाहीं, पण कोठीचें वजन तर तेंच आहे, त्या अर्थीं धान्य आंत आहे. सूनबाईनें संध्याकाळीं काळ्या खिडकींत 'अॅट्रिब' नांवाची जुनी आज्ञा लिहिली, 'लपविलेली' व 'सिस्टिमची' या दोन्ही खुणा उतरविल्या, आणि सारीं फोल्डरें जशींच्या तशीं परत आलीं. त्याच रात्रीं कुलवृत्तांताच्या दोन प्रती निराळ्या ठिकाणीं झाल्या, हें सांगणें नलगे.

या प्रकारचा किडा आपल्या देशांत पेन ड्राइव्हांवरून फार पसरला होता व अद्यापि आढळतो. तो मूळ फोल्डरांवर लपविण्याची खूण करतो आणि त्यांच्या जागीं आपलें तोतया चित्र ठेवितो. त्यावर टिचकी मारतांच किडाही चालतो व फोल्डरही उघडतें, म्हणून कोणास संशय येत नाहीं. अँटिव्हायरस किड्यास मारतो, पण खूण मात्र बहुधा तशीच ठेवितो. यांत त्याचा दोष नाहीं. खूण हा कांहीं विषाणु नव्हे, आणि जी खूण ऑपरेटिंग सिस्टिमनें स्वतः हजारों फायलींवर केलेली आहे ती त्यानें सरसकट पुसावी हेंही इष्ट नाहीं.

आतां कांहीं किरकोळ अपवाद. 'त्वरित तपासणी' ही नांवाप्रमाणेंच त्वरित असते. ती ठराविक जागाच पाहते. मेमरीचा विस्तार म्हणून विंडोज ज्या मोठ्या फायली राखून ठेवितें त्या चालू संगणकांत बंदिस्त असल्यामुळें तपासणींत बहुधा वगळल्या जातात. पासवर्ड घातलेली झिप फाइल कोणासच आंतून पाहतां येत नाहीं. पूर्वीं, म्हणजे विंडोज एक्सपीच्या काळीं, संगणक मागील स्थितीस नेण्यासाठीं ज्या प्रती एका संरक्षित फोल्डरांत सांठविल्या जात, त्यांत विषाणूची प्रतही सांठे. अँटिव्हायरस ती पाही, परंतु तिला हात लावूं शकत नसे, आणि मग ती सोयच तात्पुरती बंद करून सर्व प्रती पुसाव्या लागत. शिवाय घरांतील कोणा चिरंजिवांनीं एखादा खेळ चालावा म्हणून अमुक फोल्डर तपासूं नये असें अँटिव्हायरसला सांगून ठेविलें असेल, तर तें तो इमानानें ऐकतो. ही 'वगळण्याची यादी' वडील मंडळींनीं अधूनमधून पाहावी.

येथवरचा भाग दिलासा देणारा आहे. दुसरा प्रकार तसा नाहीं.

अँटिव्हायरस झाला तरी तो स्वतः तबकडीवर जाऊन हातानें फायली चाचपीत नाहीं. 'अमुक फाइलींत काय आहे तें आण' असें तो ऑपरेटिंग सिस्टिमला सांगतो, आणि ती जें आणून देईल तें तपासतो. तो आणणाराच फितूर झाला तर? कौटिल्याच्या अर्थशास्त्रांत 'उभयवेतन' नांवाचे हेर सांगितले आहेत. वेतन दोन्हीकडचें घेणारे, पण निष्ठा एकाच बाजूस. असा उभयवेतन जर राजाच्या द्वारपालांत शिरला, तर राजाची दृष्टि कितीही तीक्ष्ण असो, तिच्यासमोर काय यावें हें शत्रु ठरवितो. संगणकाच्या गाभ्यांत शिरून बसणाऱ्या अशा विषाणूस 'रूटकिट' म्हणतात. 'रूट' हें युनिक्स ऑपरेटिंग सिस्टिमवरील सर्वाधिकारी खात्याचें नांव. तें खातें हातीं ठेवण्याचीं हत्यारें ती 'किट'.

ही युक्ति नवी आहे असें कोणी समजूं नये. १९८६ सालीं लाहोर येथील बासित व अमजद फारूक अल्वी या बंधूंनीं रचलेला 'ब्रेन' हा आयबीएमच्या धर्तीवरील घरगुती संगणकांवर पसरलेला पहिला विषाणु समजतात. त्यांत त्यांनीं स्वतःचीं नांवें व दुकानाचा पत्ताही लिहून ठेविला होता! तो फ्लॉपीच्या अगदीं पहिल्या भागांत, जेथून संगणक सुरू होतो तेथें, बसे. आणि तेथील मूळ मजकूर दुसरीकडे हलवून ठेवी. मग कोणीं तो पहिला भाग वाचूं लागलें कीं, तो मध्येंच ती विनंती अडवून हलविलेला निष्पाप मजकूर पुढें करी. पाहणाऱ्यास सर्व यथास्थित दिसे. म्हणजे घरगुती संगणकांच्या विषाणूंचा मूळपुरुषच ही विद्या शिकून आला होता.

पुढें या विद्येचा जो सर्वांत गाजलेला प्रयोग झाला तो कोणा भुरट्या चोरानें नव्हे, तर एका मोठ्या संगीत कंपनीनें केला. २००५ सालीं सोनी बीएमजी या कंपनीनें अमेरिकेंत विकलेल्या ५२ संगीत-तबकड्यांच्या संचांत, गाण्यांच्या नकला होऊं नयेत म्हणून, फर्स्ट फोर इंटरनेट नांवाच्या ब्रिटिश कंपनीचें एक सॉफ्टवेअर घातलें होतें. गाणें ऐकण्यासाठीं तबकडी संगणकांत घातली कीं तें गुपचूप आंत शिरे, आणि ज्या फाइलीचें नांव 'डॉलर-सिस-डॉलर' या अक्षरांनीं सुरू होईल ती प्रत्येक फाइल सर्वांच्या दृष्टीआड करी. मार्क रुसिनोविच हे विंडोजच्या अंतरंगाचे ख्यातनाम जाणकार आपण रचलेल्या शोधक साधनाची चांचणी घेत असतां त्यांना स्वतःच्याच संगणकांत हें आढळलें, आणि ३१ ऑक्टोबर २००५ रोजीं त्यांनीं तें जाहीर केलें. तोंवर कित्येक महिने त्या तबकड्या उघड विकल्या जात होत्या.

कंपनीचा हेतु आपल्या मालाचें रक्षण हाच होता, असें तिच्या बाजूनें म्हणतां येईल. परंतु दुसऱ्याच्या घरांत अंधारी खोली बांधून ठेवणाऱ्यानें तींत पुढें कोण येऊन राहील याचा विचार केला पाहिजे. नोव्हेंबर महिन्यांतच असे विषाणु निघाले कीं, ज्यांनीं आपल्या फाइलीचें नांव त्याच तीन पदांनीं सुरू केलें आणि त्या आयत्या अंधारांत मुक्काम केला! इतकेंच नव्हे, तर ऑनलाइन खेळांत लबाडी करणाऱ्यांनींही पंचांची नजर चुकविण्यासाठीं तिचाच आश्रय घेतला. कंपनीस तबकड्या परत घ्याव्या लागल्या, आणि तिजवर सरकारी व खासगी असे अनेक दावे झाले.

रुसिनोविचांच्या साधनाची युक्ति मात्र समजून घेण्यासारखी आहे, कारण ती वर सांगितलेल्या सूनबाईंच्या युक्तीचीच मोठी बहीण आहे. तें साधन फायलींची यादी दोनदां करी. एकदां ऑपरेटिंग सिस्टिमला रीतसर विचारून. आणि दुसऱ्यांदां तिला न विचारतां, तबकडीवरील मूळ नोंदी स्वतः वाचून. दोन्ही याद्या जुळल्या तर ठीक. दुसऱ्या यादींत जें आहे तें पहिलींत नसेल, तर मध्यें कोणी तरी खोटें बोलत आहे. साक्षीदारांस वेगवेगळें बसवून जबानी घेण्याची न्यायालयांतील पद्धति हीच.

दुसरी हकीकत २०१० सालची. ९ फेब्रुवारी रोजीं मायक्रोसॉफ्टनें विंडोजची एक नित्याची सुरक्षा-दुरुस्ती पाठविली, आणि पुष्कळ लोकांचे संगणक निळा पडदा दाखवून मरून पडूं लागले. सर्वांनीं मायक्रोसॉफ्टला शिव्या दिल्या. शोधाअंतीं असें निघालें कीं, त्या संगणकांत 'अल्युरिऑन' नांवाचा रूटकिट आधींपासूनच नांदत होता. तो तबकडी चालविणाऱ्या विंडोजच्या स्वतःच्याच फाइलींत शिरे, आणि ती फाइल कोणीं वाचावयास घेतली कीं मूळची शुद्ध प्रत पुढें करी. विंडोजच्या गाभ्यांतील कांहीं ठिकाणें अमुकच पत्त्यावर असतात असें त्यानें गृहीत धरलें होतें. दुरुस्तीमुळें ते पत्ते बदलले, चोर अंधारांत नेहमींच्या वाटेनें गेला आणि पायरी नसलेल्या जागीं पाय देऊन घरासकट कोसळला. अँटिव्हायरसला जें दिसलें नव्हतें तें अशा रीतीनें उघडकीस आलें. यांतील कौतुकाची गोष्ट अशी कीं, रूटकिटाच्या कर्त्यांनीं थोड्याच दिवसांत आपल्या मालाचीही दुरुस्ती पाठविली!

आमच्या गृहिणीच्या प्रश्नाचा कस येथें लागतो. मीमांसकांतील भाट्ट व वेदान्त्यांतील अद्वैती हे 'अनुपलब्धि' हें एक स्वतंत्र प्रमाण मानतात. जमिनीवर घट दिसत नाहीं, यावरून घट नाहीं असें ज्ञान होतें. परंतु त्यांनीं एक अट घातली आहे: ती अनुपलब्धि 'योग्य' असली पाहिजे. म्हणजे घट तेथें असता तर तो दिसलाच असता अशी परिस्थिति पाहिजे. भर दुपारीं अंगणांत घट दिसला नाहीं तर तो नाहीं. अमावास्येच्या रात्रीं दिवा मालवलेल्या कोठींत दिसला नाहीं, यावरून कांहींच सिद्ध होत नाहीं. 'कोणताही धोका आढळला नाहीं' हें वाक्य केवळ अनुपलब्धि आहे. खुणेनें लपविलेल्या फायलींपुरती ती योग्य अनुपलब्धि आहे, कारण विषाणु ओळखीचा असता तर तो दिसलाच असता. फितूर झालेल्या गाभ्याच्या बाबतींत मात्र ती योग्य नाहीं. दिवाच चोराच्या हातीं आहे. बरें, विषाणु अगदींच अनोळखी असला तर भर उजेडांतही तो ओळखूं येईल अशी हमी नाहीं. प्रत्येक विषाणु बिनचूक ओळखील असा तपासनीस तत्त्वतःच संभवत नाहीं हें फ्रेड कोहेन या अमेरिकन विद्वानानें १९८० नंतरच्या दशकांतच सिद्ध करून ठेविलें आहे.

तरी पण आज रूटकिट २०१० सालाइतका सहज शिरूं शकत नाहीं, हेंही सांगितलें पाहिजे. ६४ बिटांच्या विंडोजमध्यें व्हिस्टापासून, म्हणजे २००७ पासून, गाभ्यांत येणाऱ्या प्रत्येक घटकावर मान्यताप्राप्त सही लागते. २०१२ सालच्या विंडोज ८ बरोबर 'सिक्युअर बूट' आलें, आणि अँटिव्हायरसचा एक भाग इतर बाहेरच्या घटकांच्या आधीं सुरू होण्याची सोयही झाली. पहारेकरी चोराच्या आधीं देवडीवर पोंचावा, एवढाच त्याचा अर्थ. पुण्याच्या काटकर बंधूंनीं उभारलेल्या क्विक हीलपासून विंडोजच्या स्वतःच्या डिफेंडरपर्यंत बहुतेक अँटिव्हायरस आतां रूटकिटांचा शोध घेण्याचाही प्रयत्न करितात. पण सह्या चोरतां येतात. २०१० सालींच उघडकीस आलेल्या 'स्टक्सनेट'नें तैवानमधील दोन नामांकित कंपन्यांच्या सह्या वापरून आपल्या फायली लपविल्या होत्या.

संशय आलाच तर उपाय एकच व तो शास्त्रशुद्ध आहे: संशयित ऑपरेटिंग सिस्टिम चालूच होऊं द्यावयाची नाहीं आणि बाहेरून तबकडी तपासावयाची. निजलेल्या द्वारपालास खोटें बोलतां येत नाहीं. विंडोज १० व ११ यांत याची सोय अंगभूत आहे. 'विंडोज सिक्युरिटी'मध्यें तपासणीचे जे पर्याय आहेत त्यांत 'ऑफलाइन स्कॅन' हा निवडावा. आधीं चालू काम जपून ठेवावें, कारण संगणक स्वतः बंद होऊन एका निराळ्या, लहानशा ऑपरेटिंग सिस्टिममध्यें उघडतो. सुमारें पंधरा मिनिटांत तपासणी संपून तो पुन्हां नेहमींसारखा सुरू होतो. जें सांपडलें असेल तें मागाहून 'संरक्षणाचा इतिहास' या सदरांत पाहावयास मिळतें. कित्येक कंपन्या पेन ड्राइव्हवरून चालणारे तपासनीसही देतात. मात्र तो ड्राइव्ह दुसऱ्या, निरोगी संगणकावर तयार करावा. एवढ्यानेंही संशय फिटला नाहीं तर आपलीं कागदपत्रें व छायाचित्रें तेवढीं बाहेर काढावीं, प्रोग्राम मुळींच घेऊं नयेत, आणि तबकडी पुसून विंडोज नव्यानें घालावें.

आणि तेंही पुरत नाहीं असा एक प्रकार आहे. २०१८ सालीं 'ईसेट' या कंपनीनें 'लोजॅक्स' नांवाचा रूटकिट उघडकीस आणला. तो तबकडीवर नसून संगणकाच्या मुख्य पट्टीवरील चिपमध्यें, जेथून संगणकास पहिली जाग येते तेथें, घर करीत असे. तबकडी पुसली, नवी बसविली, तरी तो परत येई. चिपमधील मजकूर नव्यानें लिहावा, नाहीं तर ती पट्टीच बदलावी, एवढेच उपाय होते. तो बाल्कन प्रदेशांतील व मध्य व पूर्व युरोपांतील सरकारी कचेऱ्यांवर सोडलेला होता. झेरॉक्सच्या दुकानांतून पेन ड्राइव्हवर बसून घरीं येणारे किडे या जातीचे नव्हत.